कोकोबोलोच्या रायझरवर तेल-पॉलिश सुकत नाही. तेलकट लाकडाचं धनुष्य सील कसं करावं?

ताणलेली_दोरी

नमस्कार मंडळी,

रिकर्व्ह (पुढे वळलेल्या टोकांच्या) धनुष्याचं बाकी सगळं काम झालंय, टिलरही (दोन्ही बाजू नीट वाकतील असं घडवणं) जमलंय, पण फिनिशिंगला गाडं अडलंय.

रचना अशी आहे: रायझर (मुठीचा मधला न वाकणारा भाग) कोकोबोलो या लाल-नारिंगी तेलकट लाकडाचा, त्याच्या मधोमध ६ मिमी जाडीची मेपलची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना बोकोटे लाकडाच्या २ मिमी चकत्या. लिम्बचा (वाकणाऱ्या हाताचा) गाभा मेपलचा, पाठीला (निशाणाकडची बाजू) आणि पोटाला (तिरंदाजाकडची बाजू) पारदर्शक फायबरग्लास. टोकांना वरून चिकटवलेले कोकोबोलोचेच तुकडे (ओव्हरले). चिकटवणी सगळी इपॉक्सीची.

३२० नंबरच्या कागदापर्यंत घासून रायझर ॲसिटोनने पुसला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी अळशीच्या तेलाच्या पॉलिशचा पहिला हात कापडाने दिला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आज अकरावा दिवस. त्याच डब्यातलं तेल मेपलवर आणि फायबरग्लासवर टणक झालंय, नख रुतत नाही. बोकोटेवर जेमतेम सुकलंय. कोकोबोलोवर मात्र अंगठा टेकवला की ठसा उमटतो आणि कापडाची लव चिकटून बसते. शिवाय मेपलच्या पट्टीवर कडेकडेने नारिंगी-लाल डाग पसरलेत. ते ॲसिटोनने पुसतानाच आले असावेत.

अजून थांबलं तर हे सुकेल का, की वरून ड्रायर (तेल लवकर सुकवणारं द्रव्य) घातलेला एक हात द्यावा? मेपल स्वच्छ कसा करायचा? आणि नव्याने करायचं तर सील कशाने करावं, जे लिम्ब वाकताना तडकणार नाही?

खोलीचं तापमान २६-२७ अंश, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास.

---

रंधा_आणि_कानस

थांबू नका, काढून टाका. ड्रायरचा हातही देऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यातच उत्तर आहे. एकाच डब्यातलं तेल मेपलवर कडक होतं आणि कोकोबोलोवर होत नाही, म्हणजे तेल शिळं नाही आणि हवाही दमट नाही. अडचण लाकडाच्या रसायनात आहे. अळशीचं तेल, टंग ऑइल, डॅनिश ऑइल, तेलातलं व्हार्निश ही सगळी पाण्यासारखी उडून सुकत नाहीत. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि ही गुंफण फ्री रॅडिकलच्या (अतिक्रियाशील रेणू-तुकड्यांच्या) साखळीवर चालते. कोकोबोलो, शिसवी आणि डाल्बर्जिया प्रजातीतल्या बहुतेक लाकडांत फिनॉल आणि क्विनोन जातीची द्रव्यं भरपूर असतात. ती हे रॅडिकल गिळून टाकतात. खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतात ना, अगदी तेच काम हे लाकूड तुमच्या पॉलिशवर करतंय. त्यामुळे लाकूड नुसतं तेलकट आहे म्हणून हा त्रास होतो असं नाही. सागही तेलकटच, पण सागावर व्हार्निश उशिरा का होईना धरतं. कोकोबोलोवर पहिला हात कित्येक आठवडे ओला राहू शकतो.

ड्रायरमधले कोबाल्टचे क्षार साखळी लवकर सुरू करतात, पण ती तोडणारं द्रव्य खालून येतच राहतं. फार तर वर पापुद्रा धरेल आणि खाली लगदा राहील. तो उतरवणं आजच्यापेक्षा जास्त जिकिरीचं.

दुसरी गोष्ट, ॲसिटोनने पुसून रात्रभर ठेवणं. पुसल्याने फक्त वरची द्रव्यं जातात, आणि तेवढ्या वेळात आतली पुन्हा वर येतात. घासणं, पुसणं आणि पहिला हात हे तिन्ही एकाच बैठकीत व्हायला हवं. ॲसिटोन उडून पृष्ठभाग कोरडा आणि फिकट दिसला की लगेच, म्हणजे १०-१५ मिनिटांत, पहिला हात.

आता उतरवायचं कसं ते. न सुकलेलं तेल नॅफ्थ्यात (पेट्रोलियमपासूनचा द्रावक) विरघळतं. पांढरा नायलॉनचा घासणी-पॅड नॅफ्थ्यात भिजवून लाकडाच्या रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने घासा, लगेच कोरड्या सुती कापडाने उचला, कापड सारखं बदला. चार-पाच फेऱ्यांत चिकटपणा जातो. ही कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकणारं तेल लागलेली कापडं आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा.

मग १८० चा कागद, मग २२०, मग ३२०. कागदाकडे लक्ष ठेवा, तोच सांगतो. दहा-बारा हातांत कागदावर गोळ्या धरून तो गुळगुळीत झाला तर लाकडात अजून तेल आहे, पुन्हा नॅफ्था. भुस्सा कोरडा, पिठासारखा सुटून पडला की जमलं.

सीलर म्हणून मेणविरहित चपडा (शेलॅक) घ्या. चपडा स्पिरिटमध्ये विरघळलेला असतो, स्पिरिट उडालं की थर तयार. त्याला ऑक्सिजनची साखळी लागत नाही, म्हणून कोकोबोलो त्याचं काही बिघडवू शकत नाही. आणि वर दिलेलं व्हार्निश लाकडाला न लागता चपड्याला लागतं, त्यामुळे तेही वेळेत सुकतं.

प्रमाण: २५० मिली स्पिरिटला ३० ग्रॅम चपडा, म्हणजे पातळ द्रावण. स्पिरिट ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र हवं, त्यात पाणी जास्त असलं तर थर पांढुरका पडतो. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी तलम कापडातून गाळा. रायझर आणि दोन टोकांना ४० मिली पुष्कळ झालं. पहिले दोन हात याच द्रावणाचे, मध्ये तासभर. तिसरा हात ४५ ग्रॅमच्या द्रावणाचा चालेल. रात्रभर ठेवा, ३२० ने अलगद हात फिरवा, मग वरचं फिनिश.

मेणविरहित असंच का? साध्या चपड्यात काही टक्के नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पॉलियुरेथेन नीट पकड घेत नाही. आणि द्रावण ताजंच करा. सहा महिने जुनं द्रावण सुकायला कुरकुरतं, आणि मग तुम्हाला पुन्हा वाटेल की लाकूडच दगा देतंय. काचेवर एक थेंब ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर द्रावण फेकून द्या.

---

टिलरकाठी

कारण आणि तेल उतरवण्याची पद्धत यांबद्दल रंधा_आणि_कानस यांच्याशी पूर्ण सहमत. दोन ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे.

पहिलं, या रायझरवर ॲसिटोन वापरूच नका. कोकोबोलोचा लाल-नारिंगी रंग ॲसिटोनमध्ये सहज उतरतो, स्पिरिटमध्येही उतरतो. पडौक लाकडाचंही तसंच. शेजारी मेपलची पट्टी असेल तर तुम्ही लाकूड पुसत नसता, रंगवत असता. नॅफ्था रंग फारसा ओढत नाही, तेल आणि मेणकट द्रव्यं मात्र उचलतो. शिवाय माझ्या मते पुसण्याला लोक गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. खरा फरक पडतो तो ताज्या कापलेल्या पृष्ठभागाने. २२० किंवा ३२० ने शेवटचे हात मारले, भुस्सा व्हॅक्यूमने ओढला आणि अर्ध्या तासात सील केलं, तर न पुसताही पकड उत्तम मिळते.

भुस्सा कापडाने झटकू नका. कोकोबोलोचा बारीक लाल भुस्सा मेपलच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि पहिला ओला हात लागला की तिथे डाग पडतो. तुमचे निम्मे डाग असेच आलेले असणार. मेपल स्वच्छ करायला स्क्रेपरची धारदार पत्री घ्या आणि पट्टीच्या लांबीनेच ओढा, आडवी कधीच नाही. डाग वरवरचा असतो, पापुद्र्यासारख्या तीन-चार सालींत निघतो. मग त्या पट्टीला कागद लावायचा झाला तर नवा तुकडा, कोकोबोलोवर वापरलेला नाही.

चपडा स्पिरिटमध्ये असतो, म्हणजे पहिल्या हाताला तोही रंग ओढणार. म्हणून आधी फक्त मेपलवर, बारीक ब्रशने, चपड्याचे दोन पातळ हात द्या आणि सुकू द्या. मेपल बंद झाला की मग सगळ्यावर. बोळा किंवा ब्रश पट्टीच्या समांतर चालवायचा, जोडावरून आडवा न्यायचा नाही, आणि गेलेल्या जागेवर परत परत फिरवायचा नाही. फवारणी जमत असेल तर अजून चांगलं, पहिला हात अगदी धुक्यासारखा, की ओघळ नाहीत आणि घासणंही नाही.

दुसरं, रायझरच्या मुठीपाशी नुसत्या चपड्याच्या पायावर मी विसंबणार नाही. चपड्याला घाम सोसत नाही आणि हाताचा घाम मुठीपाशीच मुरतो. वर ओरखडा पडला की घाम आत शिरून थर मऊ करतो. रायझरला मी इपॉक्सीने सील करतो. ती अमाइन आणि इपॉक्साइड यांच्या थेट जोडणीने घट्ट होते. रॅडिकलचा संबंध नाही, त्यामुळे लाकडातली द्रव्यं तिला रोखत नाहीत. बोकोटेची छिद्रं उघडी असतात, तीही त्यातच भरून निघतात.

पद्धत: संथ हार्डनरची, पातळ वाहणारी इपॉक्सी. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजनाने मोजा. २० ग्रॅमपेक्षा कमी मिसळू नका, कारण थोड्या मिश्रणात एका थेंबाची चूकही प्रमाण बिघडवते. हेअर ड्रायरने रायझर हाताला कोमट लागेल एवढा गरम करा, ड्रायर बंद करा आणि मग इपॉक्सी लावा. क्रम उलटा करू नका. लाकूड गार होत असताना छिद्रांतली हवा आकुंचन पावते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. लावल्यावर गरम केलं तर तीच हवा फुगून बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे. प्लॅस्टिकच्या कार्डाने रेषेला तिरकी ओढून जादा काढून टाका. मागे चकाकता ओला पृष्ठभाग राहिला पाहिजे, साचलेलं डबकं नाही.

दुसरा थर पहिला किंचित चिकट असतानाच दिला तर घासावं लागत नाही, दोन्ही रासायनिकरीत्या जुळतात. दुसऱ्या दिवसावर गेलात तर आधी साध्या पाण्याने आणि पॅडने धुवा. इपॉक्सीवर अमाइनचा मेणचट थर येतो, तो पाण्यात निघतो. न धुता घासलात तर तोच थर कागदाने आत चोळला जातो आणि वरचं व्हार्निश तिथे पकड सोडतं.

इपॉक्सीवर ऊन थेट पडू देऊ नका. ती पिवळी पडते, पुढे भुकटी होते. वर अतिनील-रोधक व्हार्निशचे दोन-तीन हात लागतातच.

कोकोबोलोच्या भुश्श्याबद्दल गंभीरपणे सांगतो. तो त्वचेला आणि फुप्फुसाला ॲलर्जी आणणाऱ्या लाकडांत मोडतो, आणि ही ॲलर्जी दर वेळी वाढत जाते. कणरोधक मास्क, पूर्ण बाह्या, काम झाल्यावर लगेच धुणं. ओला हात पुसायचा आणि मग मान खाजवायची, असं करू नका.

---

पाठ_आणि_पोट

वरच्या दोघांचं रायझरपुरतं बरोबर आहे. पण विचारणाऱ्याने लिम्बबद्दल विचारलंय, आणि तिथे हिशेब वेगळा.

रायझर वाकत नाही, म्हणून त्यावर काहीही कडक चालतं. लिम्ब दर बाणाला वाकतो. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, फिनिशलाही त्याबरोबर लांब-आखूड व्हावं लागतं. चपड्याचा पातळ हात हे सोसतो, जाड थर सोसत नाही. सुपरग्लू तर अजिबात नाही. सुपरग्लू टोकाच्या ओव्हरलेवर सुरेख बसतो: पातळ जातीचा, चार-पाच हात, प्रत्येक हात आपोआप सुकू द्यायचा. घाई करून ॲक्टिव्हेटर मारला तर थर पांढरा आणि फेसाळ होतो. पण तो वाकणाऱ्या भागात नेऊ नका.

सगळ्यात आधी तडकतं ते ठिकाण म्हणजे रायझरचं निमुळतं टोक, जिथे ते पातळ होत होत लिम्बमध्ये विरतं. तिथे लाकूड न वाकणाऱ्यातून वाकणाऱ्यात जातं आणि इपॉक्सी नेमकी तिथल्या खोबणीत साचते. टिलरकाठी यांच्या पद्धतीने इपॉक्सी लावा, पण या टोकाच्या साधारण ५ सेंटीमीटर अलीकडे थांबा आणि कड कार्डाने शून्यावर आणा. पुढच्या भागाला चपड्याचे दोन पातळ हात आणि वर लवचिक व्हार्निश.

लिम्बवरच्या काचेला (फायबरग्लासला) सीलर लागत नाही. तिला फक्त पकड हवी. २२० ने मग ३२० ने सगळी चकाकी घालवा, एकही आरशासारखा ठिपका ठेवू नका. स्पिरिटने पुसा आणि मग हाताने शिवू नका. घासल्यावर काच पांढुरकी, तंतूतंतूंची दिसते, त्याने घाबरू नका. ओल्या कापडाने पुसल्यावर जे पारदर्शक होतं, ते फिनिशखालीही होईल. पण जोर लावून तंतू खोल कापू नका, तोच भाग ताण घेतो.

लिम्बवर एकूण तीन पातळ हात. सगळे मिळून वर्तमानपत्राच्या कागदाएवढी जाडी पुरे. त्याहून जाड थर टोकाला वजन वाढवतो, आणि टोकाचं वजन बाणाच्या वेगातून वजा होतं. रायझरला सहा हात द्या, लिम्बला नको.

वरचं फिनिश कुठलं: दोन घटकांचं पॉलियुरेथेन लवचिकही असतं आणि घट्टही. तेही रॅडिकलशिवाय जुळतं. पण त्यातलं आयसोसायनेट फवारताना साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा लागतो. तो नसेल तर फवारू नका. मग तेलातलं लवचिक व्हार्निश, निम्मं टर्पेंटाइन घालून, कापडाने. प्रत्येक हातामध्ये २४ तास. नायट्रोसेल्युलोज लॅकर रायझरवर दिसतं छान, पण लिम्बवर काळ जातो तसं ते आखडतं आणि आडव्या केसाएवढ्या रेषा पडतात. माझा लिम्बसाठी त्याला विरोध आहे.

या रेषांबद्दल दोन शब्द, कारण त्या पाहून लोक चांगलं धनुष्य टाकून देतात, किंवा उलट, खरी मोड फिनिशची समजून ताणत राहतात. पूर्ण लाकडी धनुष्यात, विशेषतः पोटाला इपे हे लाकूड असलेल्यात, हे ओळखता यायलाच हवं. धनुष्याची दोरी उतरवा, पोटावर रेषेच्या जागी नॅफ्थ्याचा थेंब ठेवा आणि भिंगातून तिरक्या उजेडात बघा. फिनिशची भेग असेल तर ती ओलं असताना दिसेनाशी होते, आणि ३२० ने वरचा थर काढला की संपते. दाबाने लाकडात पडलेली चुणी ओली करूनही दिसते, लाकडाच्या रेषेला आडवी, किंचित नागमोडी, नखाला बारीक उंचवट्यासारखी लागते, आणि फिनिश काढल्यावरही तिथेच असते. ती असेल तर फिनिश विसरा, टिलर पुन्हा बघा. तिथे लिम्ब गरजेपेक्षा जास्त वाकतोय.

इपेवर काम करणाऱ्यांसाठी: त्याच्या भुश्श्यातल्या पिवळ्या लापाचोल या रंगद्रव्याला क्षार (अल्कली) लागला की ते गडद लाल होतं. त्यामुळे साबणाच्या पाण्याने पुसू नका, क्षारयुक्त रंग-उतरवणीही नको, लाल ओघळ पडतात. आणि पाठीला बांबू असेल तर बांबूवर तेल नीट सुकतं नि इपेवर रेंगाळतं, मग दोन बाजू दोन वेगळ्या दिसतात. सगळीकडे आधी चपड्याचे दोन हात दिले की भेद मिटतो.

---

ताणलेली_दोरी

सर्वांचे मनापासून आभार. नॅफ्थ्याने चिकट थर उतरला, पत्रीने मेपल पांढरा झाला. थेट धनुष्यावर न जाता उरलेल्या तुकड्यांवर आधी करून पाहिलं. मेपलला आधी चपडा दिल्यावर रंग अजिबात ओढला गेला नाही.

एका तुकड्यावर अडचण आहे. चपडा छान बसला, पण वर व्हार्निशच्या दुसऱ्या हाताला गोल खळगे पडले, मुगाच्या दाण्याएवढे, मध्ये तळ दिसतो आणि कडेला व्हार्निश गोळा होतं. पुसून पुन्हा दिलं तरी त्याच जागी. हे लाकडातलं तेलच वर येतंय का? आणि तुकड्यावर पकड नीट आहे हे खात्रीने कसं तपासावं?

---

रंधा_आणि_कानस

लाकडातलं तेल चपड्यातून असं वर्तुळ करून येत नाही. ते आलं तर सगळा भाग मऊ राहतो. गोल खळगा, मध्ये उघडा तळ आणि कडेला जाड रिंगण म्हणजे फिश-आय, आणि त्याचं नेहमीचं कारण सिलिकॉन. धनुष्याच्या कामात ते कुठून येतं? दोरीच्या मेणातून. दोरीच्या कित्येक मेणांत सिलिकॉन असतं. दोरीला मेण चोळलेल्या बोटांनी तुकडा उचलला, किंवा त्याच टेबलावर दोरी ठेवली, एवढं पुरतं. काही स्प्रे वंगणं आणि फर्निचर पॉलिशही तेच करतात.

पुसून पुन्हा त्याच जागी आलं, कारण पुसल्याने सिलिकॉन पसरतं, जात नाही. व्हार्निश ओलं असेल तर सगळं टर्पेंटाइनने उतरवा. मग नॅफ्थ्याने दोन वेळा पुसा. कापड एकदाच वापरा, एकाच दिशेने ओढा आणि टाकून द्या. त्यावर चपड्याचा एक ताजा हात. चपडा सिलिकॉनवरही पकड धरतो आणि त्याला खाली बंद करतो. तो सुकल्यावर व्हार्निश. दोरी, मेण आणि मेण लागलेले हातमोजे फिनिशिंगच्या खोलीत आणूच नका, आणि धूळ टिपणारं मेणकट टॅक-कापडही वापरू नका.

---

टिलरकाठी

पकडीची तपासणी: तुकड्यावर धनुष्यावर करणार तोच क्रम, तेवढेच हात, मग ७ दिवस थांबा. आधी तपासलं तर न पिकलेलं फिनिश नापास होतं आणि तुम्ही चांगली पद्धत सोडून देता. नव्या ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा लाकडापर्यंत कापा, २५ चौकोन होतील. त्यावर चांगल्या पकडीची टेप नखाने घट्ट चोळा आणि झटक्यात मागे ओढा. कडांना थोडी भुकटी निघाली तर ठीक. एखादा पूर्ण चौकोन टेपबरोबर आला तर तो उलटा करून बघा. खाली लाल रंग असेल तर चपडा लाकडावरून सुटलाय, म्हणजे घासणं आणि सील करणं यांत वेळ गेलाय. खाली काही नसेल आणि तुकड्यावर चपड्याची चकाकी शिल्लक असेल तर व्हार्निश चपड्यावरून सुटलंय. त्याचं कारण बहुधा मेण, किंवा मध्ये ३२० फिरवायचा राहिला.

---

पाठ_आणि_पोट

लिम्बसाठी ही चाचणी पुरत नाही. त्याच काचेची उरलेली पट्टी असेल तर तिच्यावर तेच तीन हात द्या, ७ दिवसांनी लिम्ब पूर्ण ताणल्यावर जेवढा गोल होतो तेवढीच वाकवा, शंभर वेळा. मग तिरक्या उजेडात बघा. आडवी रेषा दिसली तर एक हात कमी करा.

आणि एक जागा सगळे विसरतात: दोरीची खाच. ती कानशीने सगळ्यात शेवटी नीट केली जाते, त्यामुळे तिथे रेषेची टोकं उघडी राहतात, ओल्याव्याला आत जायला तीच वाट. खाच गोल कानशीने पूर्ण करून, ३२० कागदाची सुरळी फिरवून, मगच सील करा. ओव्हरलेच्या खाचेत पातळ सुपरग्लूचे दोन हात, नंतर ६०० च्या कागदाने गुळगुळीत. कड धारदार राहिली तर फिनिश तिथेच आधी चिरेल आणि दोरीचे धागेही कापेल. दोरी चढवण्याआधी फिनिशला पूर्ण आठवडा द्या, नाहीतर दोरी मऊ थरात रुतून स्वतःचा ठसा कोरून ठेवते.